एक प्रकारचा दोर



मी राहते त्या मारुंजी गावात समुद्र नाही. मुळशी तालुक्यातले हे गाव आता हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या शेजारात आले आहे आणि जुन्या शेतांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहत आहेत. पश्चिमेला सह्याद्री, त्याच्या पलीकडे कोकण आणि मग समुद्र. पावसाळ्यात त्या दिशेने वारा येतो, एवढाच आमचा समुद्राशी संबंध. येथे 'नांगर' म्हटले की जमीन नांगरण्याचे अवजार डोळ्यांपुढे येते. रायगडच्या किनाऱ्यावरील कोळ्यापुढे हाच शब्द उच्चारला तर त्याला गलबत जागेवर धरून ठेवणारा लोखंडी आकडा दिसतो. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल' शब्दापासून आला. गलबताचा नांगर फारसी 'लंगर' शब्दापासून. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले दोन शब्द मराठीत येऊन उच्चाराने एक झाले.

वर्गात मी हे उदाहरण अनेक वर्षे देत आले आहे. विद्यार्थ्यांना ते आवडते, आणि व्युत्पत्ती सांगितली की शब्द समजला असे त्यांना वाटते. मलाही तसेच वाटत असे. ते खरे नाही, हे मला एका डॅनिश चित्रकाराच्या चित्रापुढे उभी असताना कळले. त्या चित्राविषयी आणि त्यामुळे उघडकीला आलेल्या माझ्या एका जुन्या चुकीविषयी तुमच्याशी बोलावे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने कोपनहेगनला जाणे झाले. एक दुपार मोकळी होती, ती मी तेथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात घालवली. क्रिस्तोफर विल्हेल्म एकर्सबर्ग या चित्रकाराचे १८२८ सालचे एक तैलचित्र तेथे आहे. 'अझोव' नावाचे रशियन युद्धनौकेचे मोठे शिडाचे जहाज आणि त्याच्या सोबतीची एक फ्रिगेट ही दोन जहाजे हेल्सिंगोरच्या समुद्रात नांगरून उभी आहेत. हेल्सिंगोर म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधले एल्सिनोर. आगरकरांनी त्या नाटकाचे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, हे तुम्ही नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात वाचले असेल. चित्रात मात्र ना भूत आहे, ना सूड. शांत पाणी आहे, वर मोठे आकाश आहे, आणि मध्ये जहाज. वादळ नाही, लढाई नाही, बुडणारी माणसे नाहीत.

प्रथम वाटले, या चित्रात काही घडतच नाही. मग मी जवळ गेले आणि दोर पाहू लागले.

शिडाच्या मोठ्या जहाजावर दोरांचे जाळे असते. दुरून ते गुंतवळ्यासारखे दिसते, पण त्यात दोन स्पष्ट वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील दोर कधी हलत नाहीत. ते डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरतात, म्हणजे वाऱ्याचा जोर शिडावर आला तरी काठी उन्मळत नाही. दुसऱ्या वर्गातील दोर सतत कामात असतात. त्यांतील काही शीड वर चढवतात, काही ते गुंडाळून घेतात, तर काही शीड ज्या आडव्या वाशाला बांधलेले असते तो वासा वाऱ्याप्रमाणे फिरवतात. एकर्सबर्गने हा भेद नुसता जाणला नव्हता, तो त्याने रेषेत उतरवला होता. प्रत्येक दोर कोठून तरी निघून कोठे तरी पोहोचत होता. शोभेसाठी ओढलेली एकही रेषा मला सापडली नाही.

मी भाषेची विद्यार्थिनी. मला ते चित्र वाक्यासारखे वाटू लागले. वाक्यात काही घटक रचना धरून ठेवतात आणि काही घटक अर्थ हलवतात. प्रत्यय एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला की कर्त्याचे कर्म होते. मराठी वाक्यात 'मुलगी आली' म्हटले की क्रियापदाला कर्त्याचे लिंग-वचन पाळावेच लागते. समुद्रचित्रातही असाच अन्वय असतो. वारा एका दिशेने वाहत असेल तर झेंडा, शिडांचा फुगवटा, जहाजाचा कल आणि लाटांचे माथे या साऱ्यांना त्या एकाच दिशेशी जुळावे लागते. झेंडा एकीकडे आणि शीड दुसरीकडे, असे चित्र म्हणजे 'मुलगी आला' असे वाक्य. कोपनहेगनच्या धक्क्यावरील खलाशाला ती चूक तत्काळ कळली असती. एकर्सबर्गने १८३९ मध्ये 'गालाथेआ' ही युद्धनौका उत्तर समुद्रातल्या वादळात सापडलेली रंगवली. तेथे सारे पाणी उसळलेले आहे, तरी हा अन्वय सुटलेला नाही.

हे त्याला कसे जमले? त्याचा जन्म १७८३ चा, घर सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्याचे. पॅरिसला त्याने जाक-लुई दाविद या विख्यात चित्रकाराकडे शिक्षण घेतले, १८१३ ते १८१६ अशी तीन वर्षे तो रोममध्ये राहिला आणि १८१८ मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. यथार्थदर्शनावर, म्हणजे अंतराप्रमाणे वस्तू लहानमोठी कशी दिसते या शास्त्रावर, त्याने १८४१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाज रंगवण्याआधी तो जहाजबांधणीचे आराखडे अभ्यासत असे, आणि आपल्या रोजनिशीत हवामानाची नोंद करीत असे. ढग कोणते होते, वारा कोठून होता, हे त्याने वर्षानुवर्षे लिहिले. अंतोन मेल्ब्यूसारखे पुढचे समुद्रचित्रकार त्याच्या हाताखाली शिकले आणि डॅनिश समुद्रचित्रणाची परंपरा उभी राहिली.

याच काळात, याच शहरात रास्मुस रास्क हा भाषाशास्त्रज्ञ काम करीत होता. तुमच्या अभ्यासक्रमातील 'ग्रिमचा नियम' ज्या निरीक्षणांवर उभा आहे, ती व्यंजनांची संगती रास्कने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आधीच मांडली होती. पुढे १८२० मध्ये तो मुंबईला आला, पारशी समाजात जपलेल्या अवेस्ता ग्रंथांचा त्याने अभ्यास केला आणि १८२३ मध्ये हस्तलिखिते घेऊन मायदेशी परतला. डेन्मार्क आपल्याला वाटते तितका मराठीला परका नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील ज्या श्रीरामपुरात छापले गेले, ते गाव तेव्हा डॅनिश अमलाखाली होते.

त्या चित्रातल्या जहाजाचाही मुंबईशी एक धागा आहे. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या किनाऱ्यावरील नावारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की आणि इजिप्शियन आरमाराचा पराभव केला. केवळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई मानली जाते. तीत रशियन सेनापतीचे जहाज होते 'अझोव', आणि ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन याचे जहाज होते 'एशिया'. ही 'एशिया' मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी लाकडात बांधली गेली आणि १८२४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावर ८४ तोफा होत्या. म्हणजे एकर्सबर्गने १८२८ मध्ये रंगवलेल्या जहाजाशेजारी, त्याच्या आदल्याच वर्षी, मुंबईचे जहाज लढले होते. त्याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगताना पाहता येते.

'अझोव'चे असे चित्र आहे. 'एशिया'वर सागाच्या फळ्या ठोकणाऱ्या सुतारांनी, तिला दोर चढवणाऱ्या खलाशांनी आपल्या कामाला कोणती नावे दिली असतील, याचा विचार मी त्या दालनात उभी राहून करू लागले. मुंबईतील कलाशाळा, आजचे सर ज. जी. कला महाविद्यालय, १८५७ मध्ये सुरू झाली. तोवर वाफेची जहाजे आली होती आणि शिडांचा काळ उतरणीला लागला होता. आपल्याकडे जहाजांची चित्रे मुळातच नव्हती असे नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात शिडाचे जहाज रंगवलेले आहे. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकांच्या लढाईचे प्रसंग कोरलेले आहेत. पण मराठ्यांच्या स्वतःच्या आरमाराचे सर्वांत प्रसिद्ध तैलचित्र कोणते, असे विचारले तर उत्तर लाजिरवाणे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर, त्यांच्या भाषेत घेरियावर, हल्ला केला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. तो प्रसंग डॉमिनिक सेरेस या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या चित्रकाराने १७७१ मध्ये रंगवला. आपली गुराबे आणि गलबते आपल्याला दिसतात ती जिंकणाऱ्याच्या बाजूने.

आरमार गमावण्याचा अनुभव डेन्मार्कलाही होता. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि डॅनिश आरमारच उचलून नेले. तरुण एकर्सबर्गने त्या आगीची चित्रे काढली. त्यानंतर आयुष्यभर तो जहाजे रंगवत राहिला: उभी असलेली, निघालेली, वारा घेणारी. हरलेल्या देशाचा विलाप त्यांत मला दिसत नाही. जे गेले ते नेमके कसे होते, हे लिहून ठेवण्याची शिस्त दिसते.

आता माझी चूक सांगते.

पीएच.डी.च्या संशोधनासाठी मी साधारण तीस वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात बोलीचे नमुने गोळा करीत होते. माझा विषय उच्चारांचा होता. स्वर कोठे अनुनासिक होतो, कोठे लांबतो, हे मला तपासायचे होते. शब्द मिळवण्यासाठी मी एका वृद्ध तांडेलांकडे जाऊ लागले. त्यांच्या मुलांच्या होड्यांना तेव्हा यंत्रे बसली होती; बाबांचे तारुण्य मात्र शिडावर गेले होते. मी विचारत असे, ते सांगत, मी ध्वनिमुद्रण करून कार्डावर शब्द लिहीत असे. एका संध्याकाळी दोरांची पाळी आली. बाबांनी एकामागून एक नावे सांगितली. प्रत्येक नावाबरोबर त्यांचे हात हवेत काही ओढत, काही सोडत, काही बांधत होते. मी विचारले, "म्हणजे काय, बाबा?" ते म्हणाले, "पोरी, दोर असा नुसता सांगता येत नाय. आधी वारा कुठून हाय ते सांग."

मी हसले. मला वाटले, म्हाताऱ्या माणसाचा विनोद आहे. मला वाऱ्याशी कर्तव्य नव्हते, स्वराशी होते. मी कार्डावर शब्द उच्चारचिन्हांसह अचूक लिहिला आणि अर्थाच्या रकान्यात लिहिले: 'एक प्रकारचा दोर'. पुढच्या कार्डावर तेच. त्याच्या पुढच्या कार्डावरही तेच. अशी नऊ कार्डे झाली.

ती नऊ कार्डे प्रबंधाच्या परिशिष्टात गेली. नऊ दोर आणि अर्थ एकच, हे कसे, असे मला कोणीही विचारले नाही. प्रबंध मान्य झाला आणि मी डॉक्टर झाले. काही वर्षांनी त्या गावी पुन्हा गेले तेव्हा बाबा हयात नव्हते. त्यांच्या थोरल्या मुलाला मी ती नावे वाचून दाखवली. त्याने दोन ओळखली. बाकीची, तो म्हणाला, बाबांच्या तोंडी ऐकली आहेत, पण कोणता दोर ते सांगता येणार नाही. इंजिनाच्या होडीला ते दोर लागतच नाहीत.

ते शब्द मी येथे देत नाही. ज्या शब्दाचा अर्थ विचारण्याची संधी मिळूनही मी तो विचारला नाही, तो उदाहरण म्हणून तुमच्यापुढे मिरवणे मला बरे वाटत नाही. माझ्याजवळ त्यांचा उच्चार आहे. अनुनासिक स्वर कोठे आहे ते मी आजही सांगू शकते. तो दोर काय धरत होता आणि काय सोडत होता, ते सांगू शकत नाही.

कोपनहेगनच्या त्या चित्रापुढे मला ही नऊ कार्डे आठवली. एकर्सबर्गला 'एक प्रकारचा दोर' रंगवणे शक्यच नव्हते. ब्रश टेकवण्याआधी त्याला ठरवावे लागे, हा दोर कोठून निघतो, कोठे बांधला आहे, या घटकेला ताणलेला आहे की सैल. आणि ते ठरवण्यासाठी आधी वारा कोणत्या दिशेचा, हे ठरवावे लागे. बाबांनी मला जे सांगितले होते, तेच तो चित्रकार कॅनव्हासवर करीत होता. एका प्रश्नाने माझे काम पूर्ण झाले असते. तो प्रश्नही त्यांनीच मला दिला होता.

डॅनिश परंपरेतलेच आणखी एक चित्र या संदर्भात सांगण्यासारखे आहे. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचे कोळ्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथे चित्रकारांची वसाहत झाली. त्यांपैकी मिकाएल आन्कर याने १८८० च्या आसपास एक मोठे चित्र रंगवले. किनाऱ्यावर कोळ्यांचा घोळका उभा आहे आणि सारे समुद्राकडे टक लावून पाहत आहेत. चित्राच्या नावाचा अर्थ असा: 'तो टोक ओलांडील का?' कोणते तरी जहाज संकटात आहे. ते जहाज चित्रात नाही. आपल्याला दिसतात ती केवळ पाहणाऱ्यांची तोंडे, आणि त्यांवरून कळते की त्यांना जे दिसते आहे ते आपल्याला दिसत नाही. बाबांचे हात हवेत दोर ओढत होते, तेव्हा माझी स्थिती तीच होती. फरक एवढाच, की चित्रातले कोळी आपल्याशी बोलू शकत नाहीत. बाबा बोलत होते.

परत आल्यावर मी मारुंजीतच एक काम केले. आमच्या शेजारी एक आबा राहतात. त्यांच्या जमिनीचा बराच भाग विकला गेला आहे. राहिलेल्या तुकड्यात ट्रॅक्टर चालतो. त्यांच्या पडवीत एक जुना लाकडी नांगर टांगलेला आहे. कित्येक वर्षे येता-जाता मी तो पाहिला होता, समरूप शब्दांचे उदाहरण म्हणून वर्गात त्याचे नावही घेतले होते, पण त्याला हात लावला नव्हता. एका रविवारी मी आबांना म्हटले, "आबा, हा खाली काढून मला दाखवता का?" ते म्हणाले, "बाई, आता याचं काय करायचंय?" पण त्यांनी तो काढला.

या वेळी मी 'याला काय म्हणतात' एवढेच विचारून थांबले नाही. 'हे नसते तर काय अडले असते' असे विचारत गेले. जमिनीत शिरते ते लोखंडी टोक म्हणजे फाळ. तो झिजला की नांगर जमीन फाडत नाही, नुसती खरवडतो. चालवणाऱ्याच्या हाती असते ते उभे लाकूड म्हणजे रुमणे. त्यावरचा दाब कमी-जास्त करून नांगर सरळ ठेवायचा. नांगरापासून बैलांकडे जाते ते लांब लाकूड म्हणजे इसाड. बैलांच्या मानेवर जू, आणि जुवातून मान निसटू नये म्हणून शिवळा. मग आबांनी खुंटीवरून चामड्याचा एक जुना, कडक झालेला दोर काढला. इसाड आणि जू यांना एकत्र बांधणारा तो दोर. आबांनी नाव सांगितले, वेठण. मी विचारले, "हा कुठेही बांधला तर चालतो का?" आबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी इसाडावरच्या खाचा दाखवल्या. बांधण्याची जागा मागे-पुढे सरकवली की फाळ कमी किंवा जास्त खोल जातो. जमीन कशी आहे, ओल किती आहे, बैल किती दमले आहेत, ते पाहून ती जागा ठरवायची.

त्या दिवशी मी एक कार्ड लिहिले. वेठण: इसाड जुवाला बांधण्याचा चामडी दोर, तो ज्या खाचेत बांधावा त्यावर नांगरटीची खोली ठरते. माझ्या साऱ्या संशोधनातले हे कदाचित सर्वांत साधे कार्ड असेल. नऊ कार्डांची भरपाई त्याने होत नाही, हे मला ठाऊक आहे.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. तुमच्यापैकी कोणी शेती करतो, कोणी कारखान्यात पाळी सांभाळतो, कोणी शिवणकाम, कोणी गवंडीकाम, कोणी घर आणि मुले सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडते. विद्यापीठाला माहीत नसलेले शब्द तुमच्याकडे आहेत, आणि त्यांचे अर्थ तुमच्या हातांना ठाऊक आहेत. ते बोलीतले आहेत, ग्रांथिक नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेत ते लिहायला तुम्ही कचरता, असा माझा अनुभव आहे. कचरू नका. तुमच्या कामातले एक अवजार निवडा, त्याच्या प्रत्येक भागाचे नाव लिहा, आणि तो भाग काय करतो ते एका वाक्यात लिहा. घरात वडीलधारे कोणी असेल तर त्यांना आजच विचारा. आणि अर्थाच्या रकान्यात 'एक प्रकारचा' असे लिहिण्याची वेळ आली, तर पेन खाली ठेवा आणि पुन्हा विचारा.